तुकडे आणि सांधे : उबदार शालीचे सामूहिक विणकाम

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची कथा आली आहे. थेरांचे चीवर जीर्ण झाले होते. टाकून दिलेली वस्त्रे वेचून त्यांनी नवे चीवर शिवायला घेतले, तेव्हा सारा संघ त्यांच्या मदतीला बसला. महाकस्सप एका टोकाला, सारिपुत्त मध्यभागी आणि आनंद दुसऱ्या टोकाला. इतर भिक्खू दोरा वळत होते. ज्याला जे हवे ते आणून देत मोग्गल्लान सर्वत्र फिरत होते, आणि स्वतः तथागत सुईत दोरा ओवून देत होते.

या कथेतील कामाची वाटणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. संघातील ज्येष्ठ श्रावक शिवणीला बसले आहेत आणि सर्वांत लहान वाटणारे काम शास्त्याने स्वतःकडे घेतले आहे. काम एकच, वस्त्र एकच, आणि कोणाचाही हात दुसऱ्याच्या हातापेक्षा हलका नाही. सामूहिक विणकामाविषयीचा हा लेख लिहिताना आम्ही हीच कथा मापदंड म्हणून समोर ठेवली आहे. अनेक हातांनी मिळून एक उबदार वस्त्र कसे तयार होते, त्यासाठी कोणते ज्ञान व कोणती शिस्त लागते, आणि अशा कामात न्याय कसा राखायचा, हे तीन प्रश्न या लेखाचे विषय आहेत.

तुकड्यांचे वस्त्र

भिक्खूंचे चीवर मुळातच जोडून केलेले वस्त्र आहे. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात त्याची हकीकत आहे. दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील भातशेते पाहिली. लहान-मोठे तुकडे, त्यांच्यामधले बांध, बांधांना छेदणारे आडवे बांध, असे ते दृश्य होते. अशा रचनेचे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदांना विचारले आणि आनंदांनी तसे चीवर सिद्ध केले. कापलेल्या वस्त्राला बाजारात मोल राहत नाही, चोराला त्याचा लोभ वाटत नाही. आजही चीवरावर शेताच्या बांधांसारख्या त्या शिवणी दिसतात.

वर्षावासानंतरच्या महिन्यात होणाऱ्या कठिन विधीतही हेच सूत्र आहे. दान मिळालेल्या कापडाचे चीवर त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पूर्ण करायचे असते. एकट्याच्याने ते होणे नाही, म्हणून सर्व भिक्खूंनी हात लावायचा. ‘कठिन’ हे नाव चीवर शिवताना कापड ताणून धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चौकटीवरून आले आहे. आपल्या घरांतील वाकळ आणि गोधडी याच जातीच्या वस्तू होत. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे तुकडे एकावर एक ठेवून, शेजारणी-पाजारणींनी मिळून त्यांना टाके घालावेत आणि त्यातून घरातल्या लेकराला थंडीचे पांघरूण मिळावे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे.

माग आणि सुया

मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या क्रियांसाठी वापरतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून जातो. सुयांवरच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासांत गुंतत पुढे जातो. प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्यातून बाहेर येतो. त्यामुळे हे वस्त्र ताणले जाते, अंगाबरोबर वळते आणि फासांच्या पोकळीत हवा धरून ठेवते. ऊब राखण्याचे मोठे काम ही अडकलेली हवाच करते. लोकरीच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असल्याने ती आणखी हवा धरते. शिवाय आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के इतकी बाष्प शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. पहाटेच्या दवात लोकरीचे वस्त्र सुती चादरीपेक्षा अधिक उपयोगी पडते, त्याचे कारण हे आहे.

भारतातील नामांकित शाली, मग त्या काश्मीरच्या असोत वा कुल्लूच्या, मागावरच्या आहेत. आपली घोंगडीही मागावरचीच. सुयांची विद्या हिमालयातील बौद्ध प्रदेशात पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात. लाहौलमधील केलाँग येथे आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांच्या कुटुंबांनी तेथील स्त्रियांना सुयांवर विणायला शिकवले. लाहौली स्त्रियांनी ती विद्या आपली केली. त्यांच्या नक्षीदार लोकरी मोज्यांना व हातमोज्यांना आज भौगोलिक मानांकन आहे. शिकलेली कला परकी राहत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सुयांवर विणलेल्या शालीची जुनी परंपरा पाहायची, तर रशियातील ओरेनबुर्ग, एस्टोनियातील हाप्सालू आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलँड बेटे ही तीन ठिकाणे प्रामुख्याने समोर येतात. त्यांपैकी शेटलँडची रोजच्या वापराची शाल आम्ही अभ्यासासाठी निवडली. तिची रचना सोपी आहे आणि तिचा इतिहास आपल्या वाचकांना विचार करायला लावणारा आहे.

शेटलँडची ‘हॅप’

शेटलँड हा उत्तर अक्षांश ६० अंशांच्या आसपासचा, वाऱ्याने झोडपलेला द्वीपसमूह आहे. तेथील मेंढी अंगाने लहान, पण तिची लोकर अतिशय मऊ. मानेजवळची सर्वांत तलम लोकर कात्रीने न कापता हातानेच उपटून घेण्याची पद्धत होती. ऋतू बदलला की ती आपोआप सैल होते. पांढरी, राखाडी, तांबूस तपकिरी आणि काळपट असे लोकरीचे अनेक नैसर्गिक रंग तेथे मिळतात, त्यामुळे न रंगवताही शालीत छटा आणता येतात.

त्या बेटांवरची अंगठीतून आरपार जाणारी तलम शाल जगप्रसिद्ध आहे. पण ती विकण्यासाठी होती. घरातल्या बाईच्या खांद्यावर आणि बाळाच्या अंगावर असे ती ‘हॅप’. या शब्दाचा अर्थच पांघरूण. हॅपचे तीन भाग असतात. मधोमध साध्या विणीचा चौकोन, त्याभोवती लाटांच्या विणीची रुंद पट्टी आणि सर्वांत बाहेर कंगोऱ्यांची कड. लाटांच्या विणीचा हिशेब मोठा सुबक आहे. १८ टाक्यांच्या एका घटकात सहा ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणले जातात आणि सहा ठिकाणी सुईवर जादा दोरा घेऊन जाळी पाडली जाते. जितके घटले तितकेच वाढले, म्हणून एकूण संख्या कायम राहते, आणि घट व वाढ वेगवेगळ्या जागी असल्यामुळे वस्त्रावर लाट उमटते. चार ओळींपैकी एकाच ओळीत ही नक्षी असते. बाकीच्या तीन ओळी साध्या. विणून झालेली शाल धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवली जाते. कठिनाच्या चौकटीची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

शालीमागचा हिशेब

शेटलँडच्या स्त्रिया चालता-चालताही विणत. पाठीवर इंधनाच्या पीटची टोपली आणि हातात सुया. कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, छिद्रे पाडलेला चामडी पट्टा असे. एका सुईचे टोक त्यात रोवले की हात मोकळा राही. पर्यटकांच्या चित्रांत हे दृश्य मनोहर दिसते. त्याचा हिशेब मात्र मनोहर नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या स्त्रियांच्या शाली लेरविकचे व्यापारी घेत, आणि मोबदला रोख रकमेत न देता दुकानातल्या मालात देत. चहा आणि कापड मिळे. पण घरात लागणारे पीठ घ्यायला किंवा भाडे भरायला हातात पैसा नसे. मिळालेला माल दुसऱ्याला पडेल त्या भावाने देऊन पीठ मिळवण्याची वेळ अनेकींवर येई. ब्रिटिश सरकारने या वस्तुरूप वेतनाच्या प्रथेची चौकशी नेमली आणि १८७२ च्या जानेवारीत लेरविक येथे अनेक विणकरणींच्या साक्षी झाल्या. त्या साक्षी छापील अहवालात आजही उपलब्ध आहेत. जी शाल राजघराण्यात कौतुकाने पांघरली जाई, ती विणणारीला आपल्या श्रमाचे मोल ठरवण्याचा अधिकार नव्हता.

आपल्या वाचकांना हे वाचताना बलुते आठवेल. गावकीची कामे करायची आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीने, सुगीला, धान्याच्या रूपात घ्यायचा. मोल मागण्याचा हक्क नाही आणि काम नाकारण्याचाही नाही. बेटे दूरची आहेत, धर्म व भाषा वेगळी आहे, आणि तेथील स्त्रियांवर जन्माचा विटाळ लादलेला नव्हता हा मोठा फरकही आहे. तरी श्रम आणि रोख मोबदला यांची ताटातूट झाली की माणूस बांधला जातो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

धाग्याशी आपल्या समाजाचे नाते तर अधिक कडवट आहे. विदर्भात महार समाजातील कित्येक घरांत जाडेभरडे कापड विणले जाई. गिरण्यांचे कापड आल्यावर ते माग थांबले. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे कामाला लागली, पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कांडीवरचे सूत संपले की धोट्याच्या छिद्रातून नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्ट शब्दांत मांडला. एका धाग्याच्या टोकावर माणसाची मजुरी आणि माणुसकी अडवून धरली गेली होती.

म्हणूनच बौद्धांनी चालवलेल्या विद्यालयात हस्तकला शिकवताना एक शंका उपस्थित होते, आणि ती रास्तच आहे. बाबासाहेबांनी जातीने लादलेले धंदे सोडायला सांगितले. मग मुलांच्या हाती पुन्हा सुया आणि दोरा का द्यायचा? या शंकेचे उत्तर त्यांच्याच विवेचनात आहे. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या लेखनात त्यांनी दाखवून दिले, की जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच चढत्या-उतरत्या पायऱ्यांची विभागणी आहे, आणि तीत माणसाच्या आवडीला वा कुवतीला स्थान नाही. आक्षेप लादण्यावर आणि उतरंडीवर आहे. जे काम जन्माने कोणाच्या गळ्यात पडत नाही, जे मुलगा व मुलगी दोघेही शिकतात, ज्याचा हिशेब उघड असतो आणि जे नको असेल तर सोडता येते, त्या कामाने कोणी लहान होत नाही. या चार अटी पाळल्या तरच विणकामाला आपल्या शाळेत जागा असावी, असे आमचे मत आहे.

चौकोन विणण्याचा पाठ

आता प्रत्यक्ष पाठ. सामूहिक शालीतील मुख्य अडचण अशी, की प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणी घट्ट विणतो, कोणी सैल. ४० टाक्यांचा चौकोन एकाचा १८ सेंटिमीटर भरतो, तर दुसऱ्याचा २३. असे तुकडे जोडले की शाल वेडीवाकडी होते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चौकोन कोपऱ्यापासून तिरका विणणे. हॅपचा मधला चौकोनही या रीतीने विणता येतो.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. सुरुवातीला दोन टाके घालावेत. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट विणावा, सुईवर एकदा दोरा घ्यावा आणि उरलेले सर्व टाके सुलट विणावेत. उलट टाका येथे लागतच नाही. ओळीमागे एक टाका वाढत जाऊन त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाची बाजू न ताणता मोजावी. ती २० सेंटिमीटर भरली की वाढ थांबवावी. सैल हाताच्या माणसाचे टाके येथे कमी असतील, घट्ट हाताच्या माणसाचे अधिक. त्याने काहीही बिघडत नाही. माप सर्वांचे एक आणि टाक्यांची संख्या ज्याची त्याची.

आता घट सुरू करावी. पहिला टाका सुलट, मग दोरा घ्यावा, मग दोन-दोन टाके दोन वेळा एकत्र विणावेत आणि उरलेली ओळ सुलट पूर्ण करावी. एक टाका वाढतो व दोन घटतात, म्हणून ओळीमागे एक टाका कमी होत जातो. चार टाके उरले की मधले दोन एकत्र विणून तीन करावेत आणि शेवटी ते तिन्ही एकत्र विणून दोरा ओढून घ्यावा. शिवणीसाठी ३० सेंटिमीटर दोरा सोडून मगच तोडावा. चारही कडांना बारीक जाळीची रांग येते. जोडताना सुई कोठून घालायची हे ती दाखवते.

असा एक चौकोन साधारण २० ग्रॅम लोकरीत होतो. आडवे पाच आणि उभे सात, असे ३५ चौकोन जोडले की १०० गुणिले १४० सेंटिमीटरची शाल तयार होते. त्यासाठी सुमारे ७०० ग्रॅम आणि कड व शिवण यांसाठी आणखी १०० ग्रॅम लोकर धरावी. चूक झाली तर ती ओळ निःसंकोच उसवावी. सुयांवरच्या विणकामात उसवलेला दोरा वाया जात नाही, तोच पुन्हा विणता येतो.

लोकर निवडताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. एका शालीतील सर्व तुकडे एकाच प्रकारच्या धाग्याचे असावेत, नाहीतर पहिल्याच धुण्यात काही आटतात, काही तसेच राहतात. दुसरी गोष्ट सुरक्षेची. ॲक्रिलिक धागा स्वस्त आणि धुवायला सोपा असतो, पण आगीजवळ तो वितळून कातडीला चिकटतो. खरी लोकर सहजी पेट घेत नाही. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ बसणाऱ्या मुलासाठी शाल असेल, तर खर्च थोडा वाढला तरी लोकरच घ्यावी.

जोडणाऱ्यांचे काम

अनेक देशांत अशा सामूहिक विणकामाच्या चळवळी उभ्या राहिल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतील अनाथ मुलांसाठी जगभरातून २० सेंटिमीटरचे चौकोन पाठवले जातात आणि ३५ चौकोनांचे एक पांघरूण होते. याच देशात नेल्सन मंडेला यांच्या ६७ वर्षांच्या लोकसेवेचे स्मरण म्हणून ६७ पांघरुणांचा संकल्प सुरू झाला. तो वाढत जाऊन २१ एप्रिल २०१५ रोजी प्रिटोरिया येथे ३,१३३ चौरस मीटरचे जोड-पांघरूण अंथरले गेले. पुढच्याच वर्षी चेन्नई येथे भारतीय स्त्रियांनी क्रोशाने विणलेले ११ हजार चौरस मीटरांहून मोठे पांघरूण सिद्ध करून तो विक्रम मागे टाकला. विक्रमाचे कौतुक चार दिवसांचे असते. नंतर ती पांघरुणे वेगळी करून गरजूंना दिली जातात, तेव्हा त्यांचे खरे काम सुरू होते.

अशा उपक्रमांत एक गोष्ट हमखास घडते. चौकोन उत्साहाने विणले जातात आणि पिशव्यांत साठून राहतात. धुणे, मापे तपासणे, लोंबते दोरे आत ओवणे, रंगांची मांडणी करणे आणि शिवणे ही कामे कोणी उचलत नाही. उचललीच तर एखाददुसऱ्या बाईवर सगळा भार पडतो. तिचे नाव कोणाला ठाऊकही नसते. चौकोन दाखवता येतो, सांधा दाखवता येत नाही. म्हणून योजना आखतानाच जोडणाऱ्यांची तुकडी आधी ठरवावी आणि प्रत्येक विणणाऱ्याने निदान एक शिवण घालावी, असा नियम करावा. ३५ चौकोनांच्या शालीत शेजारच्या दोन चौकोनांना जोडणारे ५८ सांधे असतात. २० सेंटिमीटरचा एक सांधा नवशिक्याला फार तर अर्धा तास घेईल. ते ५८ सांधे एकाच माणसाने घालायचे की ३५ जणांनी, यावर तो उपक्रम संघाचा आहे की नाही हे ठरते.

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी आहेत, पालक आहेत, गावोगावचे उपासक-उपासिका आहेत. कोणी शहरात नोकरीला आहे, कोणी शेतात. प्रत्येकाने एक चौकोन विणावा. चौकोन पाठवून थांबू नये, कठिनाच्या महिन्यात एक दिवस विद्यालयात येऊन मुलांसोबत बसून सांधे घालावेत. लोकरीचा खर्च आणि आलेली देणगी फळ्यावर लिहावी. विकण्यासाठी शाल विणली, तर विणणाऱ्याला मोबदला रोख आणि ठरल्या दिवशी मिळावा. दानासाठी विणली, तर जी आपण स्वतः पांघरणार नाही ती दुसऱ्याला देऊ नये. शालीवर कोणाचेही नाव नसावे.

नाव का नसावे, याचा खुलासा मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंग सुत्तात मिळतो. महाप्रजापती गौतमींनी स्वतः कातून, स्वतः विणून नव्या वस्त्रांची जोडी तथागतांना अर्पण करण्यासाठी आणली. ज्या हातांनी सिद्धार्थाला वाढवले, त्या हातांनी विणलेले ते वस्त्र. तथागतांनी ते संघाला देण्यास सुचवले. गौतमींनी तीन वेळा विनंती केली आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले. मावशीच्या मायेचा तो अव्हेर नव्हता. एकासाठी विणलेली ऊब सर्वांच्या वाट्याला यावी, एवढेच त्या उत्तराचे म्हणणे होते. आपल्या वसतिगृहात दर वर्षी नवी मुले येतात आणि जुनी जातात. अशी शाल कोणा एका मुलाची राहणार नाही. या हिवाळ्यात जो थंडीने आखडला असेल त्याच्या अंगावर ती जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याने ती धुऊन, वाळवून, घडी करून दुसऱ्याच्या हाती द्यावी.